भुतांचे कंपाउंडर

महादेवराव कंपाउंडरांकडून वाचायला आणलेल्या पुस्तकाच्या पाठीवर एक कागदाची पट्टी चिकटवलेली असे. औषधाच्या बाटलीला असते तशीच, कात्रीने खाचा पाडलेली. बाटलीवरची एक खाच म्हणजे एक डोस, तसंच पुस्तकाचं. पहिल्या खाचेपर्यंत वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी. वर लेबल असे ते निराळंच. भुताच्या कादंबरीवर 'जेवणानंतर'. राक्षस, गुहा, उडत्या सतरंज्या असल्या अद्भुत कादंबरीवर 'लहान मुलांस अर्धा डोस'. एका पुस्तकावर तर मी स्वतः वाचलेलं आहे, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी.'

"हे काय हो?" मी विचारलं.

"ते वाचाचं नाई, मास्तर. त्याचं कव्हर पाहाचं आन ठिवून द्याचं. कव्हर झकास हाय. आत काईच नाई."

मी रिसोडला मास्तर म्हणून रुजू झालो ते पन्नास सालानंतरचे दिवस. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार अकोल्याचा. मी अमरावतीचा, त्यातून मास्तर, त्यामुळे बोलणं पुस्तकी. आल्या आल्या महिन्याभरात तापाने पडलो आणि दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी लिहिली आणि मी औषधाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत एक उंच, वाळका माणूस. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी. अंगाला कार्बोलिकचा वास. त्याने मिक्श्चर ढवळता ढवळता माझ्याकडे न बघताच विचारलं,

"वाचता काय?"

"वाचतो ना."

"काय वाचता?"

मी छाती जरा पुढे काढून म्हटलं, "मी बहुतेक वैचारिक निबंध वाचतो."

त्याने ढवळणं थांबवलं आणि खिडकीतून माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "तरीच ताप आला," तो म्हणाला.

त्या दिवशी मला दोन औषधं मिळाली. एक लाल रंगाचं, बाटलीतलं, आणि एक निळ्या कागदात गुंडाळलेलं. कापसाचे गुंडाळे ज्या निळ्या कागदातून येतात त्या कागदाचं कव्हर घातलेली कादंबरी होती ती. दोन्हींवर पट्ट्या. ताप तीन दिवसांत उतरला. कादंबरी मात्र मी खाचा न मोजता एका बैठकीत संपवली, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दवाखान्याच्या मागे महादेवरावांची एक खोली होती. एक खाट, एक चूल, आणि एक मोठी लोखंडी पेटी. पेटीत फक्त पुस्तकं. अकोल्याचा एक ओळखीचा पुस्तकवाला वाशीमच्या गाडीत पार्सल टाकायचा, तिथून ते मोटारीच्या ड्रायव्हरच्या पायाशी बसून रिसोडला यायचं. माणूस एकटा. गावाने त्यांना ब्रह्मचारी ठरवून टाकलं होतं आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती. स्वयंपाक स्वतः करायचे. भाजी निवडता निवडता तोंडाने समीक्षा चालायची, आणि ऐकायला बहुतेक मी.

त्यांचा सगळ्यात मोठा राग होता चादरवाल्यांवर. चादरवाला ही त्यांची स्वतःची शिवी. जो लेखक तीनशे पानं भूत दाखवतो आणि शेवटच्या पानावर सांगतो की भूत नव्हतंच, इस्टेटीसाठी मामाने पांढरी चादर पांघरली होती, तो चादरवाला.

"मले रातभर भेववलं," ते मुठीतली मेथी हवेत हलवत म्हणायचे, "आंगावर काटा आणला, आन शेवटी काय? मामा! काहून? मामा तर माह्या घरी बी हाय. मामा पाहाले मी पुस्तक कायले वाचू?"

"पण महादेवराव, लेखकाला खुलासा तर द्यावा लागतो ना?"

"कायचा खुलासा? मले खुलासा मांगतला कोनी? आता मी तुमाले मिक्श्चर देल्लं आन शेवटच्या डोसाले सांगतलं का बाप्पा, हे नुसतं रंगाचं पानी होतं, तर तुमी मले सोडसान?"

दवाखान्यातलं मिक्श्चर नुसतं रंगाचं पाणी आहे अशी माझी अधूनमधून शंका होती, पण ती बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

भुताबद्दल त्यांचे नियम पक्के होते. भुताला काम पाहिजे. बिनकामाचं भूत म्हणजे दौऱ्यावर आलेला अंमलदार, येतो, सगळ्यांना उभं करतो, निघून जातो. भुताने साखळदंड वाजवू नयेत. "जिवंतपनी कोनाच्या पायात साखळदंड होते? मेल्यावर कुठून आले?" हडळीचे पाय उलटे असू नयेत, कारण त्यामुळे तिच्या चालण्याची दया येते आणि भीती जाते. आणि मुख्य म्हणजे भूत ओळखीचं असावं. परक्या भुताची कादंबरी त्यांना अर्धवट वाटायची.

"न वळखीचं भूत म्हंजे चोरच," ते म्हणत. "त्याच्यासाठी पोलीस हाय. पुस्तक कायले लिवलं?"

अद्भुत कादंबऱ्यांवर त्यांचा तसा लोभ होता, पण एका गोष्टीवरून खटका उडालेला. प्रत्येक कादंबरीत राजपुत्र गुहेत शिरतो, गुहेत सात दरवाजे असतात, सातवा उघडू नकोस असं म्हातारी बजावते, आणि हा सातवाच उघडतो. महादेवरावांना हे बिलकुल पटत नसे. "आमी बाटलीवर लिवतो 'विष'. कोनी पेते काय? मंग ह्या पोट्ट्याले एवढं सांगतल्यावर कायले उघडते? लिवनाराची अक्कल चरून राह्यली."

पुढच्याच आठवड्यात रामजी नावाचा एक शेतकरी गुडघ्याला चोळायचं औषध घेऊन गेला. बाटलीवर लेबल होतं. महादेवरावांनी तोंडाने दोनदा बजावलं होतं, हे चोळायचं, प्यायचं नाही. रामजी घरी जाऊन निम्मी बाटली प्यायला. दोन दिवस पोट धरून दवाखान्याच्या ओसरीवर लोळला. बरा झाल्यावर महादेवरावांनी त्याला विचारलं, "लेका, सांगतलं होतं ना तुले? मंग काहून पेला?"

"तुमी एवढं सांगून राह्यले होते जी," रामजी म्हणाला, "मले वाटलं, पाहावं तरी."

त्या संध्याकाळी महादेवराव मुद्दाम माझ्या घरी आले. टोपी काढून हातात घेतली. "मास्तर, म्या त्या लेखकाले नाहक शिव्या देल्या. सातवा दरवाजा मानूस उघडतेच." आणि कुठल्याशा दूरच्या, कधी न पाहिलेल्या लेखकाची त्यांनी माझ्या ओसरीवर उभं राहून माफी मागितली.

असा हा वाचक. आम्ही हसायचो. सगळं गाव हसायचं. डॉक्टरसाहेब तर पाहुण्यांना ते पट्टीचं पुस्तक मुद्दाम दाखवायचे. महादेवरावही हसू द्यायचे. एवढ्या हसण्यात कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

एकदा गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरचा मेहुणा मुंबईहून आला आणि जाताना एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक विसरून गेला. कॉमिक म्हणतात ते. पातळ, रंगीत, आणि वर थडग्यातून निघालेला एक हिरवा हात. मॅनेजरने ते महादेवरावांना दिलं. महादेवरावांचं इंग्रजी बाटल्यांच्या लेबलांपुरतं, म्हणून रविवारी दुपारी ते शाळेच्या ओसरीवर पुस्तक घेऊन आले. मी अर्थ सांगायचा, त्यांनी चित्रं पाहायची.

पहिल्याच पानावर त्यांची नाराजी झाली. "भूत दाखवून टाकलं! आता राह्यलं काय? भूत दिसत नाई तवरच त्याची नोकरी. दिसलं का पेन्शन." मग तोंडातून निघणाऱ्या फुग्यांवर घसरले. "हे काय? बोलनं का सर्दी?" पण पानं उलटत राहिले. मीही वाचत राहिलो. एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली. त्यात एका माणसाची बायको मेलेली असते आणि एके दिवशी ती परत येते. चित्रात ती खाटेच्या कडेवर बसली होती, केस मोकळे, अंगावर पांढरा झगा. तिच्या तोंडाजवळ फुगा.

"काय म्हनून राह्यली ते?" महादेवरावांनी विचारलं.

"ती म्हणते, मी आले आहे."

"मंग हा काय म्हंते?"

"तो काही म्हणत नाही. तो किंचाळतो."

"किंचाळते?"

"हो. आणि खिडकीतून उडी मारतो."

महादेवरावांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चित्र डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, आणि मग इतके संतापले की मी चकित झालो. "निरा बयताड हाय! बायको आली, इतक्या दुरून आली, आन हा किंचाळते? अबे, बस म्हना तिले. पानी दे. इचार काई!" ते पुस्तक त्यांनी पेटीत ठेवलंच नाही. मॅनेजरला परत करून आले. "गोरे लोक बायकोले भेतात," एवढाच निकाल दिला.

मी तेव्हाही हसलोच.

चिंचेची गोष्ट त्यानंतरची. गावाबाहेर वाशीमच्या रस्त्याला नाल्याच्या काठी एक जुनी चिंच होती. तिच्याखाली काहीतरी आहे असं गाव म्हणायचं. काय आहे याबद्दल एकमत नव्हतं. एका सकाळी मी डोळे आले म्हणून दवाखान्यात बसलो होतो, तेवढ्यात गोविंदा नावाचा गाडीवान कांबळं पांघरून कुडकुडत आला. कपाशीची गाडी जिनिंगवर खाली करून आदल्या दिवशी दिवेलागणीला तो घरी परतत होता.

"काय झालं रे?" महादेवरावांनी खिडकीतून विचारलं.

"भेव घेतलं जी. चिंचेखालचं. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

महादेवरावांच्या हातातली बाटली जागच्या जागी थांबली. ते खिडकी सोडून बाहेर आले, गोविंदाजवळ बाकावर बसले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"केवढं होतं?"

"उच्चं. तुमच्याएवढं."

"आंगावर काय होतं?"

"पांढरं. डोक्शावर काईतरी काळं."

"पाय पाह्यले?"

"पाय कोन पाह्यते जी!"

"पाहाले पाह्यजे होते. बरं, जाऊ दे. बोललं काय? आठव नीट. बोललं काय काई?"

"हाव ना! तेच तर. लय गोड आवाजात बोललं. 'कोन हाय? ये ना, भेऊ नको, बस जराशी,' असं म्हनलं. म्या बैलाची शेपटीच पिरगायली."

महादेवरावांनी डोक्यावरच्या टोपीला हात लावला. उजेड गेला चेहऱ्यावरचा. ते उठले, आत गेले, गोविंदाचं औषध केलं, आणि मला दिसत होतं की त्यात गोड पाक नेहमीपेक्षा बराच जास्त घालत होते. गोविंदा बाटली घेऊन गेल्यावर मी खिडकीशी गेलो.

"तुम्ही त्या चिंचेखाली जाऊन बसता?"

"रोज नाई," ते म्हणाले. "अमाशेले. आन कवा कवा शनिवारी."

"कशाला?"

"पाहाले."

"मग त्याला सांगून टाका ना, मीच होतो म्हणून. उगाच गाव घाबरेल."

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. "आन मंग? मंग मी बी चादरवालाच झालो ना, मास्तर!"

मी हसून हसून बाकावर बसलो. गाडीवानांनी पुढे तो रस्ता सोडला, मागच्या बाजूने वळसा घालून जायला लागले. महादेवराव मात्र जात राहिले. आता तिथे फार शांत असतं, असं एकदा म्हणाले.

त्याच हिवाळ्यात वाशीमच्या एका शिक्षकमित्राने निरोप धाडला की त्यांच्या वाचनालयात एक प्रसिद्ध कादंबरीकार व्याख्यानाला येत आहेत. नाव सांगत नाही, पण महादेवरावांच्या पेटीतली पाऊण पुस्तकं त्यांचीच. मी बातमी दिली तेव्हा महादेवराव खलबत्त्यात काहीतरी कुटत होते. त्यांनी बत्ता खाली ठेवला. "सोता येऊन राह्यले? इथं? वाशीमले?" त्यांनी त्याच दिवशी रजा मागितली. डॉक्टरसाहेब म्हणाले, या माणसाने रजा मागितल्याचं मला आठवतच नाही.

मोटारीत सगळी वाट ते घोकत होते. सांगायचं पुष्कळ होतं. अमुक कादंबरीतली बाई शेवटी भूत न निघता सावत्र आई निघते, हे पाप आहे. तमुक कादंबरीतला जादूगार फारच बडबड करतो. अंगातल्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. "मी रागावलो तर तुमी माहा कोट ओढजा," त्यांनी मला बजावलं.

व्याख्यानाचा विषय होता 'साहित्य आणि समाज.' कादंबरीकार लहानखुरे, थकलेले, सारखे खोकत होते. भुताचा उल्लेख त्यांनी केला नाही. महादेवराव माझ्या कानाला लागले, "ह्याईनंच लिवलं ना ते? का ह्याईचा भाऊ आला?" व्याख्यानानंतर एका वकिलांच्या घरी चहा होता. मित्राच्या ओळखीने आम्हीही गेलो. बैठकीत गावातली बडी मंडळी, तक्क्याला टेकून कादंबरीकार, आणि दाराशी सतरंजीच्या कडेवर आम्ही दोघं.

कोणीतरी म्हणालं, हे आमचे कंपाउंडर, तुमचे मोठे भक्त. कादंबरीकारांनी हसून पाहिलं. "बोला. काय आवडलं? काय नाही आवडलं?"

मी कोट ओढायच्या तयारीत बसलो. पण महादेवराव ना सावत्र आईबद्दल बोलले, ना जादूगाराबद्दल. त्यांनी टोपी नीट केली आणि हळूच विचारलं,

"तुमी सोता पाह्यलं काय जी?"

"काय पाहिलं?"

"भूत."

बैठकीत मोठा हशा झाला. कादंबरीकारही हसले. "छे हो! भूतबीत काही नसतं. सगळं इथून निघतं," आणि त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. पुन्हा हशा. सगळे हसून झाल्यावर महादेवरावही हसले. मग म्हणाले,

"नाई, तुमी नाई पाह्यलं ठीक. पन तुमच्या वळखीतल्या कोनी?"

"नाही."

"तुमाले गावोगावचे लोक भेटत असतीन. इतक्या लोकाइतल्या एखाद्यानं? खरं सांगनाऱ्या?"

आता कोणीतरी दबक्या आवाजात हसलं, पण कादंबरीकार हसले नाहीत. त्यांनी कपबशी खाली ठेवली. महादेवरावांकडे तोंड करून ते तक्क्यावरून पुढे सरकले. मग म्हणाले, "मीही विचारतो. जिथे जातो तिथे विचारतो लोकांना. खरं सांगू का, अजून असा एकही भेटला नाही."

"अस्सं," महादेवराव म्हणाले.

"तुमचं कोण गेलं?" कादंबरीकारांनी विचारलं.

"नाई जी. असंच," महादेवराव म्हणाले. "वाचतो म्हून इचारलं." थोडं थांबून, "तुमचा खोकला कोरडा हाय. ज्येष्ठमध धरत जा तोंडात." आणि ते उठले.

आम्ही त्या दिवशी वाशीमला गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. त्यानंतरही ते वाचत राहिले, मी रिसोड सोडेपर्यंत पेटीत नवी पार्सलं येतच होती. पण भांडायचं त्यांनी सोडलं. शेवटी मामा निघाला तरी "असन बाप्पा" म्हणून पुस्तक मिटायचे. मेथीची जुडी हवेत हलणं बंद झालं. पट्ट्याही चिकटवेनासे झाले. ज्याला जेवढं वाचायचं तेवढं वाचू दे, म्हणाले. चिंचेकडे जात होते की नाही, मला माहीत नाही. पण गेलो नसतो, तर परतीच्या मोटारीत जे ऐकलं तेही कधी कानावर आलं नसतं.

दुपारची मोटार होती. मागच्या बाजूला तुरीची पोती, आम्ही दोघं शेवटच्या बाकावर. वाशीमची घरं मागे पडली, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या सुरू झाल्या. महादेवराव पऱ्हाट्यांकडे बघत होते. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"माह्यं लगन झालं होतं, मास्तर. तुमाले माईत नसन."

मला खरंच माहीत नव्हतं.

"किन्हीराजाची होती. सरू नाव. सरस्वती. आमचं घर मोठं. बाबा, दोन मोठे भाऊ, भावजया, आत्या. मी बाहेर ओसरीवर निजो, ते आत बायाइत. मोठ्याइच्या समोर बायकोशी बोलाची तवा रीत नव्हती. म्या म्हनलं, बोलू, काय घाई हाय. दोघं बी लहानच होतो. मंग मी कंपाउंडरी शिकाले अकोल्याले गेलो. ते बाळंतपनाले माहेरी गेली. तिथंच गेली. पोरगं बी गेलं. मले निरोप भेटून मी पोचलो तवर सारं आटोपलं होतं."

मोटार एका खड्ड्यात आदळली. त्यांनी टोपी सावरली.

"एक डाव वाढताना तिनं मले इचारलं. हळूच. 'वरन आंबट लागते का साधं?' समोर बाबा बसले होते. म्या कसं बोलू? नुसती मान हालवली. तिले वाटलं आंबट. मंग रोज माह्या वाटीत चिंच घालून वरन. मले आंबट सोसत नाई, मास्तर. पन म्या खाल्लं."

"दुसऱ्यांदा बैलगाडीत बोललो. तिले माहेरी पोचवाले जाऊन राह्यलो होतो. मधात आत्या बसली होती, तिचा डोया लागला. तर हे म्हंते, 'ते पाहा, नीलकंठ.' म्या पाह्यलं. मले पक्षी दिसला नाई. म्या म्हनलं, 'कुठं?' ते म्हने, 'गेला.'"

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"आन हासत होती. सैपाकघरात. आमी ओसरीवर बसलो का आतून आवाज येये. एक डाव तर इतकी हासली का बाबाईनं खाकरून गप्प केलं. कायले हासली ते मले कोनी सांगतलं नाई. म्या ठरवलं होतं, इचारीन कवा तरी." त्यांनी खिडकीच्या दांडीवर हात ठेवला. "तेवढंच इचाराचं होतं. कोनी पाह्यलं असतं ना मास्तर, एखाद्यानं बी, तर मी त्याले इचारून घेतलं असतं, कसं बलावतात ते. मी भ्यालो नसतो."

मला वाटलं, ते जरा दम घेऊन पुढे सांगतील. मोटार चालत होती. पोत्यांवर बसलेला एक म्हातारा पेंगत होता.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय?" महादेवराव म्हणाले. "झालं. एवढंच हाय माह्याजवळ."

मी बाहेर पाहिलं. अजून वाटेतलं रिठदसुद्धा आलं नव्हतं. रिसोड तर फार लांब होतं.